पहिल्या फर्म्यातलं नाव

सोल, ३ एप्रिल १९८९

श्री. प्यो हाक-चुल यांस,

'प्रिय' लिहिणार नाही. तीन वर्षांनी पत्र आलं म्हणजे बाई नरमली, असं तुम्हाला वाटेल. नरमले नाही. कामापुरतं लिहितेय.

'जमिनीखालची पाळी' पुन्हा काढतेय. हो, तेच. पोलिसांनी बाइंडरकडून पोत्यांत भरून नेलं तेच. लेखक यो इन-सोप तुरुंगातून सुटून आलाय, या वेळी टोपणनाव नको म्हणतो, कव्हरवर खरं नाव जाणार. सहा मेला, शनिवारी दुपारी तीनला, चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये प्रकाशन ठेवलंय. खाणीवरची माणसं बस करून येणार आहेत.

आता मुद्दा. प्रस्तावना मी लिहिली आहे. इन-सोप कसा पकडला गेला ते तिच्यात आहे, आणि त्याला पकडून देणाऱ्याचं नाव आहे. तुमचं. 'आमच्यातलाच एक जण' असलं गुळमुळीत नाही. प्यो हाक-चुल, दोरिक्के प्रकाशनाचे तेव्हाचे संपादक, असं सरळ लिहिलंय. तेरा तारखेला मजकूर छापखान्यात जाईल. त्याआधी काही म्हणायचं असेल तर म्हणा. आरोपीला बोलू द्यावं, असं आपण इतकी वर्षं दुसऱ्यांना छापून सांगत आलो, म्हणून विचारतेय. एरवी मला तुमचं काही ऐकायची इच्छा नाही.

मला काय काय माहीत आहे तेही लिहिते, म्हणजे उगाच साळसूदपणा नको.

इन-सोप येचोनच्या भातगिरणीत, मागच्या खोलीत लपलाय, हे सोलमध्ये दोघांनाच ठाऊक होतं. मला आणि तुम्हाला. त्याच्या आईलासुद्धा आपण गावाचं नाव सांगितलं नव्हतं. ८६ सालच्या ११ मार्चला मेंग म्हाताऱ्याच्या बाइंडिंगखान्यावर धाड पडली. तुम्ही तिथे होतात, तुम्हाला उचललं. १३ला पहाटे इन-सोपला गिरणीतून काढलं. त्याच दुपारी तुम्हाला सोडलं. काम झालं, सुट्टी! दोघांना माहीत असलेली गोष्ट बाहेर फुटली, आणि मी फोडली नाही. राहिलं कोण? हे गणित पहिलीतलं पोरगंही सोडवेल.

आणि तुम्ही परत आलात ते कसे? दोन दिवस त्यांच्या ताब्यात राहून चेहऱ्यावर ओरखडा नाही आणि पायात नवे कोरे बूट. मी विचारलं, "काय विचारलं त्यांनी?" तुम्ही म्हणालात, "काही नाही नूना, पुस्तकांचंच." आणि मान खाली. थोरल्या बहिणीला म्हणतात तसं मला 'नूना' म्हणत होतात आणि माझ्या डोळ्याला डोळा देत नव्हतात. तेव्हाच मला कळलं, इथे पाणी मुरतंय.

त्याआधी महिनाभर तुम्ही शिक्क्यांवरून घातलेला वाद आठवतो का? मला आठवतो. माझं ते व्याख्यान तुम्हाला पाठ असेल: पोस्टाच्या तिकिटाएवढी चिठ्ठी, तिच्यावर लेखकाने स्वतःच्या हाताने मारलेला लाल शिक्का, आणि ती चिठ्ठी प्रत्येक प्रतीच्या शेवटच्या पानावर. म्हणजे प्रकाशकाने किती छापल्या ते लेखकाला कळतं. या गल्लीत क्रांतीवर पुस्तकं काढणारे पायलीचे पन्नास आहेत आणि लेखकाला हजार सांगून दोन हजार छापणारेही तेच आहेत. दोरिक्केत ते चालणार नाही, लेखक लपलेला असो की तुरुंगात असो. तुम्ही म्हणत राहिलात, "नूना, या वेळी शिक्के राहू देत." तेव्हा मला कळलं नाही. नंतर कळलं. पुस्तकं कुठे जाणार हे ज्याला आधीच ठाऊक, तो शिक्क्यांचा खटाटोप कशाला करेल?

तेरा तारीख.

सोक नान-ही

ता. क. हे पत्र वाटेत तिसरं कोणी उघडून वाचत असेल तर त्यांनाही आमंत्रण. खुर्च्या कमी आहेत, लवकर या.


सोल, १४ एप्रिल

श्री. प्यो,

तुमचं कार्ड मिळालं. "छापा." एवढंच. तेही कार्डाच्या बरोबर मधोमध, सही नाही, काही नाही. आणि सोबत वाळवलेल्या समुद्रशेवाळाचा शंभर पानांचा गठ्ठा. थोरल्या भावाच्या वाळवणीत काम करता असं ऐकलं होतं, ते खरं दिसतंय.

खोटं कशाला बोलू, मी प्रत्येक पान खिडकीशी धरून पाहिलं. इन-सोप प्रुफं तपासायला आला होता, तो दारात उभा राहून बघत होता.

"नूना, काय चाललंय?"

"बघतेय, आत काही लिहिलंय का. टाचणीने टोचून वगैरे."

"शेवाळावर?"

"तुला माहीत नाही तो किती पोचलेला आहे ते."

"नूना, ते तेल लावून भाजतात. आणि भाताबरोबर खातात." आणि त्याने चार पानं तशीच कचाकचा खाल्ली, माझ्यासमोर. तुरुंगातून आल्यापासून कोणी काही पुढे केलं की तो आधी खातो, मग विचारतो.

मी खाल्ली नाहीत. गठ्ठा कपाटावर ठेवलाय.

रात्रभर त्या 'छापा'चा विचार केला. निर्दोष माणूस असं लिहील का? निर्दोष माणूस आकांडतांडव करेल, पहिल्या गाडीने येऊन माझ्या दारात बसेल. बरं, दोषी माणूस लिहील का? तोही हातापाया पडेल. मग हा कुठला प्रकार? तुमच्या मनात काय आहे? छापू द्यायचं आणि मग बदनामीचा दावा लावून दोरिक्केला कुलूप घालायचं? की ते करायला तुम्हाला कोणी सांगितलंय? छापखान्यासमोरच्या नूडलच्या दुकानात दोन दिवस एक माणूस बसतोय. एका वाटीला दीड तास लावतो. त्या दुकानातलं नूडल दीड तास खाण्यासारखं नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.

इन-सोप म्हणतो तुम्हाला प्रकाशनाला बोलवा. "मला त्याच्या तोंडून ऐकायचंय," म्हणतो. "फक्त माझ्या उजव्या बाजूला बसवा." त्याचा डावा कान गेलाय, कळलं असेलच. नसेल तर आता कळलं. तिथे आत गेला तो, चौकशीत, पहिल्याच आठवड्यात. मी म्हटलं, "तो हॉलमध्ये आला तर मी येणार नाही." त्याने पुन्हा प्रुफं पुढे ओढली. माझ्यावर त्याचा विश्वास आहे. मी सांगितलंय तेच त्याला माहीत आहे.

तुम्हाला इथे कोणी काम दिलं नाही अशी तुमची तक्रार असल्याचं मागे कानावर आलं होतं. मी कोणालाही 'देऊ नका' म्हटलेलं नाही. जे घडलं ते फक्त सांगितलं. अकरा प्रकाशकांना. आणि इन-सोपच्या आईला.

मजकूर काल छापखान्यात गेला. वाचकांना पाठवलेलं पत्रक सोबत आहे: मेमध्ये 'पाळी', जूनमध्ये सूतगिरणीतल्या मुलींच्या रोजनिशा, सप्टेंबरात वस्ती पाडली त्याचं पुस्तक. त्या रोजनिशा तुम्हीच कधीकाळी गोळा करायला सुरुवात केली होतीत. पत्रक का जोडतेय, मलाही माहीत नाही.

सोक नान-ही


सोल, २१ एप्रिल

हाक-चुल,

आज कामाचं नाही. आज काय ते मला सांगता येत नाही, पण लिहिते.

काल मेंग म्हाताऱ्याचा निरोप आला, येऊन तुमचा माल घेऊन जा. मी गेले. सगळे फर्मे, म्हणजे छापून आलेले मोठे ताव, घडी घालून रचून ठेवलेले, आणि पहिला फर्मा, प्रस्तावनेचा, जसा छापखान्यातून आला तसाच सपाट, कोपऱ्यात.

"काका, हा राहिला की."

"राहिला नाही. ठेवलाय. याला मी घडी घालणार नाही."

"का?"

"वाचला म्हणून."

"बाइंडर कधीपासून वाचायला लागले?"

"चाळीस वर्षं वाचतोय, बाई. सोळा सोळा पानं. शेवट काय झाला ते कधी कळत नाही, एवढंच." त्याने हात पुसले. एरवी तो माझ्याशी बोलताना हात थांबवत नाही. "तू लिहिलंयस, बूट. नवे कोरे बूट. माझ्या मुलाचे होते ते."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे माझ्या मुलाचे. सोडलं त्या दुपारी तो आधी माझ्याकडे आला. अनवाणी. मार्च महिना, रस्त्यात चिखल-बर्फ. तळव्यांवर मारलं होतं त्याला. पाय असे झाले होते," आणि त्याने दोन्ही हातांनी जे माप दाखवलं ते पायाचं नव्हतंच. "त्याचे जोडे चढेनात. मुलाचे दोन नंबर मोठे होते, नुकतेच घेतलेले, ते दिले. ओरखडा चेहऱ्यावर शोधायचा असतो का, बाई? तू इतकी पुस्तकं काढलीस ना यावर?"

काढलीत. तीन काढलीत. तळव्यांवर का मारतात ते त्यातल्या एकात मीच तळटीप देऊन लिहिलंय.

तू ऑफिसात आलास तेव्हा हळू चालत होतास. मला वाटलं, अपराध्यासारखा चालतोय. देवाशपथ, हेच वाटलं.

मी म्हाताऱ्याला म्हटलं, "बरं, मारलं. मार खाऊन माणूस सांगतोच. मग सांगितलं असेल." बघ, अशी आहे मी. त्याने शिडी लावून वरच्या फळीवरून सुतळीने बांधलेला एक गठ्ठा काढला. म्हणाला, "हे बघून जा."

मी म्हटलं, उद्या बघते. आणि निघून आले. खरं सांगायचं तर पळाले. गठ्ठ्याचा आकार मला ओळखीचा वाटला.

नान-ही


सोल, २२ एप्रिल

हाक-चुल,

पाहिला.

चिठ्ठ्यांचे चार गठ्ठे होते. तीन पोलिसांनी पुस्तकांबरोबर नेले, चौथा सरसाच्या पिंपामागे पडला होता. इन-सोपने शिक्के मारून पाठवलेले तेच. मोठ्या तावांवर ओळीने लाल शिक्के, अजून कापायचे राहिलेले. येचोनच्या बसवर, ड्रायव्हरच्या हातात, वर नाव नाही गाव नाही, असं पार्सल मागवलं होतं मी. केवढी अक्कल चालवली म्हणून स्वतःची पाठ थोपटली होती. शिक्कासुद्धा टोपणनावाचा खोदून घेतला होता. सगळीकडून बंदोबस्त!

आणि शाई एकमेकांना लागू नये म्हणून त्या पोराने दोन तावांच्या मध्ये पातळ कागद घातले होते. रोज एक पान फाडायचं भिंतीवरचं कॅलेंडर असतं ना, त्याची जुनी पानं. पानावर मोठा तारखेचा आकडा, आणि खाली बारीक अक्षरात, ज्याने कॅलेंडर वाटलं त्याचं नाव. येचोन, भातगिरणी, फोन नंबर. प्रत्येक पानावर, हाक-चुल. प्रत्येक पानावर.

ते गठ्ठे बसथांब्यावरून मी स्वतः आणले. एक उघडून बघितलाही होता. इथे मी आधी 'मधले कागद पाहिले नाहीत' असं लिहिलं होतं. ते खोडलंय, दिसेल तुला. पाहिले होते. मला वाटलं, पोराने शाई टिपायला छान युक्ती काढली. शिक्के सरळ आलेत, पसरले नाहीत, म्हणून खूश झाले आणि तसेच बाइंडरकडे पाठवले. तीनशे पानांत सुटलेला एक स्वल्पविराम मी पकडते. खालची ओळ वाचली नाही. काखेत कळसा आणि तीन वर्षं गावाला वळसा, आणि वळसा घालताना रस्त्यात सापडेल त्याला तुझं नाव सांगत गेले.

मेंगकाका सगळं बोलला. अकरा तारखेलाच पोलिसांनी ते पान तुझ्या नाकासमोर धरलं. हे पान कुठून आलं, या गिरणीत कोण लपलंय, एवढंच त्यांना तुझ्याकडून वदवून घ्यायचं होतं. दोन दिवस तळव्यांवर मारलं आणि तू 'माहीत नाही' म्हणालास. शेवटी ते कंटाळून म्हणाले, नको सांगूस, फोन नंबर आहे आमच्याकडे. आणि गेले.

म्हणजे येचोनचं नाव न घेतलेला एकटा तूच. मी ते चार गठ्ठ्यांत बांधून पाठवलं. महिनाभर 'शिक्के राहू देत' म्हणत होतास ते असल्याच भीतीने.

तू थेट मेंगकाकाकडे गेलास तो हेच बघायला, की मागे काही उरलंय का. हा गठ्ठा सापडला. म्हणालास, "नूनाला दाखवू नका. तिला कळलं तर ती दोरिक्के बंद करेल. इन-सोप आत आहे, त्याच्या आईकडे जायला दुसरं कोण आहे?" काकाने हे तुझ्या पायांत बूट चढवताना ऐकलं, म्हणून त्याला शब्द न् शब्द आठवतो.

आणि दोन दिवसांनी, सगळ्यांसमोर, मी तुला विचारलं, "किती वेळ लागला रे विकायला?" तू उभा राहिलास आणि बाहेर गेलास. इन-सोपची आई बाहेर, जिन्यात होती. ती तुझ्या अंगावर थुंकली. मी ते वरून पाहिलं आणि मला बरं वाटलं. हे मी कुठल्याही प्रस्तावनेत लिहू शकणार नाही, म्हणून इथे लिहितेय.

आता मला तुझा राग आलाय, तोही ऐक. कोणी सांगितलं होतं एवढा मोठेपणा करायला? मी काय काचेची आहे? 'नूनाला सहन होणार नाही' हे तू कोण ठरवणार? एकदा माझ्या तोंडावर ते पान फेकलं असतंस तर मी दोन दिवस रडले असते आणि तिसऱ्या दिवशी उठून वकील शोधला असता. त्याऐवजी मी तीन वर्षं तुझ्या नावाने बोटं मोडली आणि रात्री शांत झोपले. माझी ती झोप आता मला कोण माफ करेल?

आणि अजून एक शंका येतेच. हे तू माझ्यासाठी केलंस, की कधीतरी मला कळेल आणि तेव्हा माझं तोंड बघण्यासारखं होईल म्हणून? 'छापा' म्हणालास. म्हणजे छापून झाल्यावर कळावं, असं होतं का? बघ. इतकं कळूनही खोड जात नाही. सवय झालीय रे. दार वाजलं की आधी कोण असेल असं नाही वाटत, कोणी पाठवलंय असं वाटतं.

दोन हजार पहिले फर्मे रद्दीत घातले. मी स्वतः फाडले, एकेक. छापखानेवाला म्हणाला, "बाई, गठ्ठ्याने द्या, मशीन आहे." मी म्हटलं, नको.

शेवाळाचा गठ्ठा काढून भाजला. खारट होतं. सगळं खाल्लं.

आता इन-सोपला सांगायचंय. त्याच्या आईला सांगायचंय. प्रकाशनाला दोन आठवडे आहेत. मी आधी असा विचार केला की पुस्तक निघून जाऊ दे, मग सांगू. खाणीवरची माणसं इतक्या लांबून येणार, त्यांच्या दिवसावर माझं लचांड कशाला? विचार फार चांगला होता. एवढा चांगला विचार मला सुचला म्हणजे त्यात काहीतरी काळंबेरं असणार, हे माझ्या लक्षात आलं. परवा जाते.

नान-ही


सोल, १० मे

हाक-चुल,

तू उत्तर दिलं नाहीस. देऊ नकोस. हे फक्त काय झालं ते कळवायला.

इन-सोप आणि त्याची आई, दोघांना समोर बसवून सांगितलं. कॅलेंडरचं पान त्यांच्यापुढे ठेवलं. इन-सोपने ते उचललं, पुन्हा ठेवलं. म्हणाला, "पानं मी घातली होती."

"मी पाठवलेल्या गठ्ठ्यात होती. काढायचं काम माझं होतं."

"शाई पसरली की तुम्ही ओरडायचात." एवढं म्हणाला आणि वळून बसला, डावा कान माझ्याकडे करून. त्यानंतर मी जे जे बोलले ते त्याने ऐकलं नाही. दोन दिवसांनी प्रुफांवर एक चिठ्ठी लावून पाठवली: प्रस्तावनेत पानं कोणी घातली तेही लिहा, नाहीतर माझं पुस्तक काढू नका.

आईने माझ्या पाठीत धपाटा घातला. जोरात, घरच्या पोरीला घालतात तसा. मग दुसरा. तिसऱ्याला हात उचलला आणि तो तसाच राहिला. "मी त्या पोरावर थुंकले ना गं," म्हणाली. "त्याची आई आहे का?" मी म्हटलं, नाही, भाऊ आहे. मग ती आत गेली आणि आतून पातेल्यांचा आवाज यायला लागला. ती तुझ्याकडे निघालीय. परवाच्या बसने. तिला थोपवायचा मी प्रयत्न केला, ऐकत नाही. डबे बांधतेय. तू घरी राहा, कुठे जाऊ नकोस. तुला यायला सांगायचं माझं तोंड नाही, पण तिला परत पाठवू नकोस.

सहा तारखेला प्रकाशन झालं. हॉल भरला, लोक जिन्यापर्यंत होते. प्रस्तावना मी वाचून दाखवली. प्यो हाक-चुल हे नाव त्यात आहेच, पहिल्यापेक्षा जास्त वेळा आहे. सोक नान-ही हेही आहे. पानं कोणी घातली, गठ्ठा कोणी आणला, कोणी उघडला, कोणी पाहिलं, कोणी वाचलं नाही, आणि त्याच आठवड्यात कोणी कोणाला चोर म्हटलं, सगळं तारखांसह. तळव्यांचं लिहावं की नाही हे तुला विचारायला हवं होतं. न विचारता लिहिलं. रागव.

वाचून झाल्यावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, हे बरं झालं. मागच्या रांगेतून खाणीतला एक उंच माणूस उठला. "म्हणजे बाई," म्हणाला, "तुम्ही त्या माणसाला एकदाही विचारलं नाही, असं?"

मी म्हटलं, "विचारलं. उत्तर ठरवून विचारलं."

"हं," म्हणाला, आणि बसला. मग इन-सोप बोलला, छान बोलला, खाणीतल्या बायकांनी गाणं म्हटलं, पुस्तकं खपली. इन-सोपने माझ्याकडे पाहिलं नाही.

अकरा प्रकाशकांना मी एकेक पत्र लिहिलं आहे, हाताने. चौघांनी उत्तर दिलं. दोघांनी लिहिलंय, आम्हाला तेव्हाच शंका होती. कसली शंका होती, कोण जाणे. कोणीच तेव्हा काही बोललं नव्हतं. रोजनिशांच्या पुस्तकावर 'संकलन: प्यो हाक-चुल' असं घालतेय. ते तुझं कामच आहे, मी काही देत नाहीये. नको असेल तर कळव. न कळवलंस तर छापेन.

काल कॉफीच्या दुकानात गेले, छापखान्याच्या गल्लीतल्या. आपल्या टेबलावर पाच-सहा जण होते, त्या अकरांतलेच. माझ्याच कोणत्या तरी पुस्तकाबद्दल बोलत असावेत, नाव ऐकू आलं. मी आत पाऊल टाकलं आणि बोलणं थांबलं. एकाने खुर्ची सरकवली. एक जण म्हणाला, यंदा उकाडा लवकर आला. मी म्हटलं, हो, आला. कॉफी मागवली, सगळी प्यायले, सगळ्यांना नमस्कार केला आणि बाहेर आले. कोणीही वाईट बोललं नव्हतं रे. खुर्चीसुद्धा दिली होती. पण मी दारात दिसल्यावर त्यांनी एकमेकांकडे जे पाहिलं, ते मी ओळखलं. तीन वर्षं मीच त्यांना तसं बघायला शिकवलं होतं.

तुझी तीन वर्षं झाली. माझे चार दिवस झालेत.

नान-ही